गोणी, मूठ आणि मागचं आवार

८ फेब्रुवारी

अहो,

फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून पत्र. पत्रात मधे तोंड घालता येत नाही. आता वाचा गुपचूप.

तुम्ही बढती घेतलीत, दुसऱ्या गावी कंपनीचा फ्लॅट घेतलात, त्याच्या पडद्यांचा रंगसुद्धा ठरवलात आणि मग मला सांगितलंत, "कोंबड्या विकून टाक, आवरायला घे." मी नाही म्हटलं. त्यावर तुम्ही फाटकात उभं राहून, टेम्पोवाल्यासमोर आणि स्वतःच्या आईसमोर काय बोललात ते इथे शब्दशः लिहिते, म्हणजे उद्या 'मी असं म्हणालोच नव्हतो' नको. तुम्ही म्हणालात, "माझ्याशिवाय तुझ्या कोंबड्या किती चालतात बघू. मे संपेपर्यंत केकवाली आणि वसतिगृह, दोघांची अंडी वेळेवर गेली तर राहा इथे खुशाल. एकदा जरी चुकली, तर घराला कुलूप लावायचं आणि आईला घेऊन मुकाट्याने यायचं." मी म्हटलं, "मान्य." टेम्पोवाल्याने तर मान डोलावली, जसं काही त्यालाच विचारलं होतं. तुमच्या आई ओट्यावर मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

टेम्पो वळणावरून दिसेनासा झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? खाद्याच्या उरलेल्या सगळ्या गोण्या गल्लीच्या टोकाच्या बदकवाल्याला देऊन टाकल्या. गोणीवरचा तो हसरा कोंबडा बघितला की मला तुमचाच चेहरा दिसतो. गेली कित्येक वर्षं तुम्ही डीलर लोकांना आपल्या मागच्या दारी आणून सांगताय, "बघा माझ्या कोंबड्या, आमच्या कंपनीच्या खाद्यावर कशा टुमटुमीत आहेत." माझ्या कोंबड्या! एकीचं तरी नाव सांगता येईल का हो तुम्हाला? खुराडं कोण झाडतं, पाणी कोण बदलतं, साळुंक्यांना कोण हाकलतं, ते त्या डीलरांना कधी कळलंच नाही. मी तेव्हा आत चहा करत असायची.

तर आजपासून माझ्या कोंबड्या तुमच्या कंपनीचा एक दाणा खाणार नाहीत. मागच्या बंद गोदामाच्या आवारात गुडघाभर गवत आहे. मधली फळी काढून टाकली. किडे, अळ्या, पाला, बिया, काय हवं ते चरा म्हणावं. वर स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं आहेच. तुमची कंपनी निघायच्या आधी कोंबड्या काय उपाशी मरत होत्या?

तुमची (शर्तीपुरती),
मी

२६ फेब्रुवारी

अहो,

तुमचं पत्र मिळालं. टाईप केलेलं. बायकोला पत्र टाईप करून पाठवणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. खाली 'आपला विश्वासू' लिहायचं तेवढं राहिलं.

तुम्ही विचारता, "दाणा कोणता देतेस?" सांगते. तुमच्या गोणीतला एकही नाही. आणि तरी बलकाचा रंग असा आलाय की केकवालीने फोन करून विचारलं, "ताई, रंग घातलात की काय?" तिचा केक आतून उन्हासारखा पिवळा निघतो म्हणे. हे तुमच्या डीलरांना सांगा.

कोंबड्या सकाळी फळीच्या जागेतून अशा सुटतात, जशी शाळेची घंटाच झाली. मास्तरीण सगळ्यात पुढे. मास्तरीण म्हणजे ती राखी, मान ताठ ठेवून चालणारी, बाकीच्यांना ओळीत लावणारी. तिच्यामागे ढमी, मग भांडकुदळ, मग सगळा लवाजमा. दिवसभर खुरपत असतात. संध्याकाळी मी मक्याचा भरडा घेऊन निघाले की सगळ्या माझ्या पायात. पूर्वी त्या तुमच्या पायात यायच्या, आठवतं? रविवारी तुम्ही दौऱ्यावरून यायचात, गाडीतून उतरायच्या आधीच खिशातून मका काढायचात, आणि सगळ्या पंख पसरून फाटकाकडे. शेजारचे म्हणायचे, "काय जीव आहे हो त्यांचा साहेबांवर!" मी आठवडाभर डबा भरभरून खाद्य घालायची, माझ्यासाठी कधी एकीनेही पंख पसरले नव्हते. आता पसरतात. मूठभर मक्याची ती करामत होती, हे मला फार उशिरा कळलं.

सासूबाईंची तब्येत ठणठणीत आहे. मला कोंबड्यांबद्दल काही बोलत नाहीत, पण रोज भात जरा जास्तच लावतात. विचारलं तर म्हणतात, "भूक वाढली आहे माझी."

अंडी किंचित कमी आहेत. ऋतू बदलतो तेव्हा होतं असं. वसतिगृहाचं आणि केकवालीचं भागून घरातल्या घरात थोडी कमी, एवढंच. आमलेट नाही खाल्लं म्हणून माणूस मरत नाही.

तुमच्या नाकावर टिच्चून राहणारी,
मी

१९ मार्च

अहो,

तुम्ही ट्रान्सपोर्टने पाठवलेल्या दोन गोण्या मी फाटकातूनच परत केल्या. हमालाने विचारलं, "बाई, कारण काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, कोंबड्यांना भूक नाही." त्याने खरंच तसं लिहिलं. पोचलं असेल तुमच्यापर्यंत.

इथे सगळं उत्तम आहे. एकदोन अंडी कातडी पडली, म्हणजे वर कवचच नाही, नुसता पडदा, हातात घेतलं तर पाण्याची पिशवी. कुत्रं भुंकलं की असं होतं. परवा गोदामाच्या बाजूला एक कुत्रं आलं होतं. भांडकुदळने ढमीच्या पाठीची पिसं उपटली, पण ती आहेच तशी, नावातच आलं. एक अंडं त्यांनी आपसात फोडून खाल्लं. होतं कधीकधी. हे मी सहज लिहितेय, ओळी भरायच्या म्हणून.

गेल्या आठवड्यात वसतिगृहाला अंडी गेली नाहीत, पण ती चुकली असं धरू नका. त्यांना सुट्टी होती. मुली घरी गेल्या होत्या. स्वयंपाकघरच बंद होतं. तुम्हाला तुमच्या इथल्या डीलरकडून काही वेगळं कळलं तर त्याला म्हणावं आधी स्वतःच्या दुकानातले उंदीर मार.

गवत थोडं कमी झालंय. ऊन चढतंय ना.

तुम्ही लिहिलंत, "हट्ट सोड." हट्ट हा शब्द तुमच्या घराण्यात फक्त बायकांसाठी वापरतात का? तुम्ही न विचारता बिऱ्हाड हलवलंत ती बढती, आणि मी जागची हलले नाही तो हट्ट.

मी

७ एप्रिल

अहो,

हे तुम्हाला दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगते. कोणाच्या तोंडून ऐकून तुम्ही खुर्चीत मागे रेलून हसावं, हे मला चालणार नाही. हसायचं तर माझ्या अक्षराकडे बघून हसा.

वसतिगृहाला सुट्टी नव्हती. अंडी पुरली नाहीत. केकवालीनेही एक अख्खा ट्रे परत केला. "ताई, हातात धरलं की फुटतं हो, अर्धं कवच माझ्या पिठात जातं," म्हणाली, आणि ती बिचारी माझी समजूत काढत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि मास्तरीण बसली. सकाळी खुराड्यातून बाहेर आली, दोन पावलं चालली, बसली, ती उठेच ना. मान तेवढी ताठ. बाकीच्या तिच्या अंगावरून जायला लागल्या, तशी मी तिला टोपलीत घातली आणि जनावरांच्या दवाखान्यात नेली. सासूबाई म्हणाल्या मीपण येते. आल्या.

तिथे नवी डॉक्टरीण आहे, तरुण, केस बॉयकट, बोलायला सरळ. तिने मास्तरणीच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटांनी चाचपली. छातीचं हाड चाचपलं. मग विचारलं, "हिला खायला काय घालता?"

मी म्हटलं, "मोकळी चरते. संध्याकाळी मूठभर मका."

"पिशवीत भात लागतोय. आणि पाव भिजवलेला असावा."

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडे बघायला लागल्या. "थोडासाच घालते गं मी," म्हणाल्या, "दुपारी. तुझा डोळा लागला की. त्या बघतात ना माझ्याकडे." तरी पाव आमच्या घरात येतच नाही. तो कुठून आला? दुसऱ्या दिवशी पाळत ठेवली तेव्हा कळलं. शेजारचे रिटायर पोस्टमन रोज सकाळी कुंपणावरून पावाचे तुकडे टाकतात. पलीकडची शिवणवाली टरबुजाची सालं टाकते. तिची सून शेव टाकते! शेव! आणि जो तो मला म्हणतो, "मी एकटाच घालतो, जरासंच." असं सगळ्यांचं जरासं मिळून माझ्या कोंबड्यांची पोटं पहाटेपासून तुडुंब. हे मी नवऱ्याच्या नाकावर टिच्चून चालवलेलं मोकळं चरणं!

आणि चरायला उरलंय काय? आज मी फळीच्या पलीकडे जाऊन नीट बघितलं. जमीन अशी सपाट आणि टणक की आंघोळीची फरशी घातल्यासारखी. गवताची मुळंसुद्धा खुरपून खाल्लीत. चाळीस कोंबड्या एका तुकड्यावर सोडल्यावर दुसरं काय होणार? मी रोज फळीच्या अलीकडून बघायची आणि मला फेब्रुवारीतलंच गवत दिसायचं.

डॉक्टरीण म्हणाली, "यांचं दिवसभर खाऊच चाललंय. जेवण कुठे आहे? अंड्याच्या कवचाला लागणारा चुना खाण्यातून मिळाला नाही, तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. ही तेवढ्यासाठी हाडं पोकळ करत बसली आहे. तुम्ही अंड्यांवरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य का बंद केलंत?"

सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्यावर राग आहे तिचा. तो ते विकतो."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "बरं," म्हणाली, "नवऱ्यावर राग धरा की. पण कोंबड्यांनी काय घोडं मारलंय त्याच्यात?"

मास्तरीण कालच्या दुपारी गेली. टोपलीतच. मी रडले. लिहिते आहे, रडले, तुम्हाला काय समजायचं ते समजा. ती शेवटपर्यंत अंडी देत होती हो. माझी शर्त ती स्वतःच्या हाडांतून पुरवत होती. माझा राग बरोबर होता, आजही बरोबर आहे. तो चुकीच्या भांड्यात पडला.

मी

२४ एप्रिल

अहो,

तुमच्या फोनला मी उत्तर दिलं नाही. तुम्ही काय बोलणार ते मला पाठ आहे.

तुमच्या डीलरने तुम्हाला जे कळवलं ते खरं आहे. मी त्याच्या दुकानात गेले. गावात अंड्यांवरच्या कोंबड्यांचं धड खाद्य त्याच्याचकडे मिळतं, आणि ते तुमच्याच कंपनीचं आहे, त्याला माझा इलाज नाही. भर दुपारी गेले, दुकानात चार माणसं असताना गेले. डीलर काउंटरवरून वाकून दात काढत म्हणाला, "काय वहिनी! शेवटी आलात ना आमच्याकडे!"

मी म्हटलं, "आले. गिऱ्हाईक म्हणून आले. वहिनी घरी. पावती माझ्या नावाने करा, साहेबांच्या खात्यावर टाकाल तर गोणी इथेच उलटी करीन." तो सरळ झाला. जुनं खाद्य गळ्यात मारायला बघत होता, मी गोणीवरची तारीख वाचली आणि आतली दुसरी काढायला लावली. हे सगळं मला तुम्हीच शिकवलंत, तेही मान्य करते. खाद्याच्या बाबतीत तुमचं म्हणणं बरोबर होतं. डॉक्टरीणही तेच म्हणाली. दहा घास असतील तर नऊ घास ते, एखादा घास खाऊ, आणि चरणं हे हातपाय आणि डोकं चालू ठेवायला. बलकाचा तो रंग गवताने येतो, पण कवच गोणीनेच येतं. मला दोन्ही हवंय.

आता असं चाललंय. सकाळी आधी खाद्य, आणि पोटभर खाऊन झाल्याशिवाय फळी काढायची नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या डब्यात, ज्या कोंबडीला लागेल ती खाईल. मागच्या आवारात मधोमध जाळी बांधली. एका बाजूला कोंबड्या, दुसऱ्या बाजूला पेरलेलं गवत, तिकडे त्यांना बंदी. भांडकुदळ जाळीपाशी उभी राहून तासन्‌तास शिव्या घालते. आणि खाऊसाठी सगळ्या गल्लीत मिळून एकच वाटी. ती आमच्या ओट्यावर असते. ज्याला जे टाकायचं ते त्या वाटीत टाकायचं, वाटी भरली की त्या दिवसाचं दुकान बंद, आणि ती संध्याकाळीच घालायची. पोस्टमनकाका सकाळी उठून पहिले येऊन पावाने वाटी भरून टाकायचे, मग सासूबाईंच्या भाताला जागा नाही. दोघांचं असं जुंपलं की विचारू नका. "तुमचा पाव काय सरकारी आहे?" असं त्या म्हणाल्या. आता दोघांनी वार वाटून घेतलेत. शेव बंद. शिवणवालीची सून रुसली आहे.

मला या खाऊवरून तुमचीच आठवण आली, खोटं कशाला बोलू. तुम्ही रविवारी यायचात ते हातात काहीतरी घेऊनच. साडी, मिठाई, सिनेमाची तिकिटं. मी आणि तुमची आई, दोघी पंख पसरून फाटकाशी. आणि सोमवार ते शनिवार आम्ही काय खातो, कशा आहोत, कोण आजारी आहे, याची वास्तपुस्त कधी केलीत? तुम्ही आयुष्यभर पोषणाची भाषणं देत फिरलात आणि घरी मात्र मूठभर मका. मी ते जेवण समजून बसले, ही माझी चूक. तुमची चूक तुम्ही शोधा.

खाद्य परत आलं आहे. त्याच्यामागून तुम्हीही आलात असं समजू नका.

मी

१५ मे

अहो,

तुमचं पत्र काल आलं. या खेपेला हाताने लिहिलेलं आहे, म्हणून दोनदा वाचलं. तुम्ही लिहिता, "तू स्वतःच कबूल केलंस की वसतिगृहाची अंडी चुकली. शर्त संपली, आता घराला कुलूप. रविवारी टेम्पो घेऊन येतो, दोघींनी सामान बांधून ठेवा. कोंबड्यांना गिऱ्हाईक बघितलं आहे." खाली लिहिलंय, "रागावू नकोस, मला तुझी काळजी आहे म्हणूनच." असेल. मी नाही म्हणत नाही.

तुमच्या माहितीसाठी सांगते, कवचं आता टणक आहेत. केकवाली पुन्हा घेऊ लागली. ढमीच्या पाठीवर कोवळी पिसं येतायत, कंगव्याच्या दातांसारखी. पण वसतिगृहाचं अजून पुरं पडत नाही. मेअखेर पडेल असंही वाटत नाही. हे लपवायचं म्हटलं तर लपवता आलं असतं. बदकवाल्याची अंडी मधे घालून नग पुरे केले असते, स्वयंपाकीणबाईंना पत्ताही लागला नसता. एका सकाळी ट्रे घेऊन त्याच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. तिथे उभी राहिले आणि माझं मलाच हसू फुटलं. म्हटलं, अगं बाई, तू आपल्या घरात राहायची परवानगी मागायला बदकांकडे आलीस?

तेव्हा नीट वाचा. शर्त मी हरले. साफ हरले. मार्चमध्येच हरले. आणि मी येत नाही.

तुम्ही म्हणाल, हा शब्द मोडला. मोडला. तो शब्द देताना मी एक मूर्खपणा केला होता, तो आता कळला. मी कुठे राहायचं, हे चाळीस कोंबड्यांनी अंडी घालून ठरवायचं, हे तुम्ही म्हणालात आणि मी मान्य केलं! त्या मुक्या जिवांच्या मानेवर मी माझा संसार ठेवला. त्यांनी आजारी पडायचं नाही, पिसं गाळायची नाहीत, म्हातारं व्हायचं नाही, कारण एकीने अंडं कमी घातलं तर बाईंना कुलूप लावावं लागेल. आता त्यांना मी मोकळं केलंय. उद्या सगळ्यांनी मिळून अंडी घालायची बंद केली तरी मी इथेच आहे. वसतिगृहाला स्वतः जाऊन सांगून आले की जमतील तेवढीच देईन, बाकीची दुसरीकडून घ्या. स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "एवढंच ना? मग दोन महिने तोंड का लपवत होतात?"

तुमचं पत्र मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्या भाजी निवडत होत्या. 'घराला कुलूप' इथपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"कुठल्या घराला?" म्हणाल्या.

"या घराला."

"हे घर कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "तुमचं."

"मग मला कोणी विचारलं का? त्याने फाटकात उभं राहून कुलूप लावलं, तू मान डोलावलीस, टेम्पोवाल्यानेसुद्धा डोलावली. मी तिथे मटार सोलत बसले होते, मी काय दगड होते?" असं म्हणून त्या अशा हसायला लागल्या की त्यांना ठसका लागला, मी पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "मी वाट बघत होते, तुमच्या दोघांपैकी कोणाला आधी आठवतं ते." मी म्हटलं, आई, आधी का नाही बोललात, माझा जीव टांगणीला लागला होता. तर म्हणाल्या, "मी सांगितलं असतं तर तू माझ्या घरात माझ्या जिवावर राहिली असतीस. आता तू तुझ्या जिवावर राहतेस. राहा."

तुम्ही रविवारी येताय ना? या. टेम्पो आणू नका, त्यात भरायला काही नाही. सासूबाईंनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते, कारण त्या शेजारी बसून बघतायत मी लिहिते की नाही ते.

"जेवायला येत असशील तर ये, तुझ्या आवडीचं करते. न्यायला येत असशील तर तिथेच जेव."

मी